भाजणीची वही आणि चकलीचा डबा: बिल्ड फाइली गिटमध्ये ठेवायच्या की नाही?

२९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक शोध जाहीर केला आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. दूरच्या संगणकात लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. धागा ओढत ओढत ते एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचले. फाइली आवळून लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

बातम्यांत चोरदरवाजा गाजला. तो आत शिरला कसा, हा भाग मात्र बहुतेकांच्या डोक्यावरून गेला, कारण तिथे ‘बिल्ड’, ‘रेपो’, ‘टारबॉल’ असे शब्द लागतात. गोष्ट तशी समजण्यासारखी आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ती कळीची ओळ नव्हतीच. ती होती लोकांनी उतरवून घेतलेल्या तयार पॅकेटमधल्या एका बिल्ड फाइलमध्ये, आणि तसल्या फाइली सहसा कुणी उघडून वाचत नाही.

कुठली बिल्ड फाइल कुठे ठेवायची, हा प्रश्न बडोद्यात रोजचा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत, म्हणजे जुन्या बडोदेकरांच्या कलाभवनात, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणारी मुलं असोत, अलकापुरीतली दहा माणसांची कंपनी असो, की मकरपुरा जीआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारं सॉफ्टवेअर, लिहिणारा एकटा माणूस. बिल्ड झाल्यावर फोल्डरमध्ये शेकडो फाइली दिसतात आणि त्यातल्या कुठल्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, घालायच्या हे कुणी धड सांगत नाही. म्हणून एक तर सगळ्याच घातल्या जातात, नाहीतर नेमकी लागणारी राहून जाते.

एक सूचना आधीच: इथल्या आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

वही, गिरणी आणि डबा

दांडिया बाजारातल्या मराठी घरात दिवाळीआधी चकलीची भाजणी होते. आजीच्या वहीत लिहिलेलं असतं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, मूठभर धणे, थोडं जिरं. सगळं वेगवेगळं भाजायचं, गार झाल्यावर दळायचं. मग मोहन घालून पीठ मळायचं, सोऱ्यातून चकल्या पाडायच्या, तळायच्या, गार करून डब्यात भरायच्या.

सॉफ्टवेअर याच वाटेने जातं. प्रोग्रामर जे हाताने लिहितो तो सोर्स कोड. ते आपलं धान्य. त्या कोडचं चालू शकणारं ॲप किंवा प्रोग्राम करण्याच्या क्रियेला बिल्ड म्हणतात. गिरणी आणि कढई म्हणजे कंपायलर. मधल्या टप्प्यावर निघणाऱ्या .ओ, .क्लाससारख्या फाइली म्हणजे दळलेली भाजणी, आणि शेवटी हातात येणारी .ईएक्सई, .जार किंवा .एपीके ही चकली. हे सगळं कुठल्या क्रमाने, कुठल्या मापाने करायचं हे सांगणारी फाइल म्हणजे वही. सी भाषेत तिचं नाव मेकफाइल, जावात पोम.एक्सएमएल किंवा बिल्ड.ग्रेडल, जावास्क्रिप्टमध्ये पॅकेज.जेसॉन.

गिट म्हणजे या सगळ्याची बदलवही. कुणी, कधी, कोणती ओळ, कशासाठी बदलली ते त्यात राहतं आणि जुन्या कुठल्याही दिवसापाशी परत जाता येतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते तयार केलं. गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या पेटीला रेपो म्हणतात, आणि त्यात केलेल्या एका नोंदीला कमिट.

घोटाळा होतो तो असा की बोलताना लोक दोन्हींना ‘बिल्ड फाइल’च म्हणतात. वहीलाही आणि चकलीलाही. वरिष्ठ म्हणतात, “बिल्ड फाइली कमिट कर,” त्यांना मेकफाइल म्हणायचं असतं. नवा मुलगा बिल्डमधून निघालेल्या फाइलींचं टार्गेट फोल्डर उचलून आत टाकतो. या लेखात वहीला कृती-फाइल म्हणू आणि बिल्डमधून निघालेल्या सगळ्याला तयार माल.

कृती-फाइल रेपोत हवीच. तयार माल बाहेर. शंका आली तर एकच विचारायचं: ही फाइल आत्ता पुसली तर एका आज्ञेत पुन्हा तशीच्या तशी मिळेल का? मिळत असेल तर ती बाहेर राहू दे.

जावाच्या मेव्हनमध्ये पोम.एक्सएमएल आत, टार्गेट फोल्डर बाहेर. डॉटनेटमध्ये .सीएसप्रॉज आत, बिन आणि ऑब्ज बाहेर. पायथनमध्ये पायप्रोजेक्ट.टॉमल आत, पायकॅश बाहेर. सीमेकमध्ये सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी आत, सीमेककॅश.टीएक्सटी बाहेर, आणि या शेवटच्या फाइलीबद्दल जरा जास्त सावध राहायला हवं. तिच्यात तुमच्या संगणकावरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. ती दुसऱ्याच्या मशीनवर गेली की सीमेक सांगतं, ही कॅश भलत्याच फोल्डरमध्ये बनलेली आहे, आणि पुढे काम करायला नकार देतं.

“डिस्क स्वस्त आहे, सगळंच ठेवलं तर काय बिघडलं?”

गिट काही विसरत नाही. त्याचा तो गुणच आहे. पण त्यामुळे २५ एमबीचं एपीके तुम्ही रोज कमिट केलंत तर वीस दिवसांत रेपोत सुमारे ५०० एमबी साठतात. साध्या मजकुराच्या आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठवून गिट जागा वाचवतं. एपीके, जार, झिप या आधीच आवळलेल्या फाइली असतात; आत एक ओळ बदलली तरी बाहेरून बरीचशी फाइल वेगळी दिसते, आणि ती बचत जवळपास होतच नाही. नंतर एपीके पुसलंत तरी जुन्या वीस प्रती इतिहासात राहतात आणि नव्याने क्लोन करणाऱ्या, म्हणजे रेपोची इतिहासासकट प्रत उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाच्या माथी पडतात. इंटरनेटवर रेपो ठेवायची सोय देणारं गिटहब ५० एमबीच्या वरच्या फाइलीला इशारा देतं आणि १०० एमबीच्या वरची घेतच नाही, ते याच कारणाने.

जागेपेक्षा मोठा त्रास एकत्र काम करण्याचा. दोघांनी आपापल्या मशीनवर बिल्ड केलं की तयार माल दोघांचाही बदलतो. सोर्स कोडमधले बदल गिट ओळीओळीने जुळवून देतं. दोन .जार फाइली जुळवता येत नाहीत. गिट म्हणतं, एक निवडा. जो निवडाल त्यात दुसऱ्याचं काम नसतं. शिवाय तीन ओळींची दुरुस्ती तपासायला बसावं तर तिच्यासोबत आवळलेल्या जावास्क्रिप्टच्या हजारो ओळी येतात, आणि तपासणारा खरे तीन बदलही न पाहता होकार देऊन टाकतो.

सर्वांत वाईट गोष्ट वेगळी आहे. सोर्स बदलला, बिल्ड करायचं राहिलं, कमिट झालं. आता रेपोत नवा कोड आहे आणि जुनी चकली आहे. ग्राहकाकडे गेली ती जुनी. कोड वाचणारा शपथेवर सांगतो की दोष दुरुस्त झालाय, वापरणाऱ्याला तो रोज दिसतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. असले दोष शोधण्यात आठवडे जातात, म्हणून ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

.गिटइग्नोर: एका छोट्या फाइलीतले मोठे खड्डे

काय बाहेर ठेवायचं ते .गिटइग्नोर नावाच्या साध्या मजकूर फाइलीत लिहितात. ती प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवायची आणि पहिल्या कमिटमध्येच घालायची, कारण नियम पुढच्यासाठी चालतात. आधीच आत गेलेल्या फाइलीवर .गिटइग्नोरचा काहीही परिणाम होत नाही. “मी इग्नोरमध्ये लिहिलं तरी ती फाइल बदललेली दिसते” या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

ओळ लिहिण्याचेही बारकावे आहेत. नुसतं ‘बिल्ड/’ लिहिलं तर प्रोजेक्टच्या कुठल्याही पातळीवरचं बिल्ड नावाचं फोल्डर वगळलं जातं. तुम्ही ‘सोर्स’च्या आत हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टांचं ‘बिल्ड’ फोल्डर केलं असेल तर तेही गुपचूप बाहेर राहतं. तुमच्या मशीनवर सगळं चालतं, दुसऱ्याकडे फोल्डरच नसतं. फक्त मुळाशी असलेलं फोल्डर वगळायचं असेल तर सुरुवातीला तिरकी रेघ हवी: ‘/बिल्ड/’.

दुसरा खड्डा ग्रेडल हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांच्या हमखास वाट्याला येतो. तयार .जार नको म्हणून ‘*.जार’ अशी ओळ लिहिली जाते. तिच्यासोबत ग्रेडल-रॅपर.जार ही छोटी फाइलही बाहेर जाते, आणि नव्या मशीनवर बिल्ड सुरू करताच ‘ग्रेडलरॅपरमेन हा मुख्य क्लास सापडत नाही’ असा संदेश येतो. उपाय म्हणजे त्याच्या खाली उद्गारचिन्हाने सुरू होणारी अपवादाची ओळ: ‘!ग्रेडल/रॅपर/ग्रेडल-रॅपर.जार’. क्रम महत्त्वाचा आहे, नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते. मात्र आख्खं फोल्डरच वगळलं असेल तर आतल्या एका फाइलीसाठी असा अपवाद चालत नाही. गिट त्या फोल्डरमध्ये डोकावतच नाही.

एखादी फाइल का वगळली जातेय ते कळेना, तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ आणि पुढे फाइलीचं नाव द्यायचं. कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीने ती अडवली ते समोर येतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तुमच्या एडिटरच्या किंवा मॅकच्या स्वतःच्या फाइली, जशी .डीएस_स्टोअर, या प्रोजेक्टच्या इग्नोरमध्ये कोंबू नयेत. त्या तुमच्या सवयीच्या आहेत, प्रोजेक्टच्या नाहीत. गिटच्या ‘कोअर.एक्सक्लूड्सफाइल’ या सेटिंगने स्वतःपुरती एक इग्नोर फाइल ठेवता येते.

आधीच आत गेलंय, आता?

घाबरून फोल्डर पुसू नका. ‘गिट आरएम -आर --कॅश्ड टार्गेट’ ही आज्ञा फाइली तुमच्या डिस्कवर तशाच ठेवते, गिटच्या नोंदीतून तेवढ्या काढते. मग .गिटइग्नोरमध्ये ओळ घाला आणि दोन्ही बदल एकाच कमिटमध्ये द्या. सहकाऱ्यांनी तो कमिट ओढून घेतला की त्यांच्या डिस्कवरचं टार्गेट मात्र पुसलं जाईल. ते पुन्हा बिल्ड केल्याने येतं, पण आधी सांगून ठेवा.

याने इतिहास हलका होत नाही. जुन्या प्रतीही काढायच्या तर गिट-फिल्टर-रेपो हे वेगळं साधन लागतं, आणि ते इतिहास नव्याने लिहितं: प्रत्येक कमिटची ओळखखूण बदलते, सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं. कुणी जुन्या क्लोनमधून पुन्हा ढकललं तर काढलेलं सगळं परत येतं. चार माणसांच्या टीममध्ये शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचं काम आत घेऊन, सोमवारी सकाळी नवा क्लोन, असं ठरवून केलं तरच ते निभतं. काही एमबींसाठी हा उपद्व्याप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे; काहीशे एमबी असतील तर करावा.

पासवर्ड किंवा सहीची किल्ली आत गेली असेल तर हिशेब वेगळा. अँड्रॉइड ॲपची .जेकेएस फाइल, डेटाबेसच्या पासवर्डची .ईएनव्ही फाइल, या बिल्डला लागतात म्हणून कृती-फाइलींसोबत सहज आत जातात. अशा वेळी आधी तो पासवर्ड बदलायचा, ती किल्ली रद्द करायची, मग इतिहास स्वच्छ करायचा. उलट क्रमाने केलं तर मधल्या वेळात कुणी प्रत घेतली असेल त्याच्या हाती चालती किल्ली राहते.

लॉक फाइल: यंत्राने लिहिलेली, तरी आत हवी

इथे वरच्या नियमाला पहिला अपवाद येतो. पॅकेज-लॉक.जेसॉन ही फाइल एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं आणून देणारं साधन, स्वतः तयार करतं. मग ती तयार माल नाही का?

वहीत ‘तांदूळ चार वाट्या’ लिहिलंय. कुठला तांदूळ? जुना की नवा? त्याच वहीवरून यंदाच्या चकल्या तेलात सुटल्या तर आधी आठवावं लागतं की या वेळी तांदूळ कुठून आणला होता. पॅकेज.जेसॉनमध्ये दुसऱ्यांच्या तयार लायब्ऱ्यांची, म्हणजे डिपेंडन्सींची, यादी असते आणि तिथे आवृत्ती सैल लिहिलेली असते. ‘^४.१७.०’ म्हणजे ४.१७.० किंवा त्यापुढची ४ या मालिकेतली कुठलीही. आज एक येते, पुढच्या महिन्यात दुसरी. लॉक फाइल म्हणजे किराण्याचं बिल: नेमकी कुठली आवृत्ती, कुठून आणली, आणि तिची तपासखूण, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काय. डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीसुद्धा तिच्यात असतात. पुसली तर पुन्हा तयार होईल, पण तशीच्या तशी होणार नाही, आणि आपली कसोटी तीच होती.

म्हणून लॉक फाइल कमिट करायची, उतरवलेल्या लायब्ऱ्यांचं नोड_मॉड्यूल्स फोल्डर नाही. बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या संगणकावर, ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरायचं. ते जुनं नोड_मॉड्यूल्स पुसून लॉकमध्ये आहे तेवढंच आणि तसंच आणतं, आणि लॉक व पॅकेज.जेसॉन जुळत नसतील तर बिल्ड थांबवतं. हे थांबणं तुमच्या भल्याचं आहे.

दोन ब्रँच, म्हणजे कामाच्या दोन वेगळ्या फांद्या, जोडताना लॉक फाइलीत कॉन्फ्लिक्ट (न जुळणारे बदल) आला तर ती हाताने जुळवू नका. आधी पॅकेज.जेसॉनमधला वाद मिटवा, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा, लॉक एनपीएम स्वतः नीट करतं.

“दुकानच बंद झालं तर?” ही रास्त शंका आहे आणि तसं घडलेलंही आहे. २२ मार्च २०१६ ला लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर नकळत अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात. एनपीएमने ते काही तासांत परत आणलं. ज्यांना हा धोका नको ते डिपेंडन्सींचा सोर्स आपल्या रेपोतच ठेवतात. गो भाषेत त्यासाठी व्हेंडर फोल्डरची सोयच आहे. रेपो फुगतो, पण वाचता येण्याजोग्या मजकुराने फुगतो. आपल्या नेटवर्कवर पॅकेजांची प्रत ठेवणारा छोटा सर्व्हर हा मधला मार्ग, आणि पाच-सहा माणसांपुढच्या कंपनीला मी तोच सुचवेन.

सोऱ्या कुणाचा?

धान्य तेच, वही तीच, पण चकती बदलली की चकलीची जाडी बदलते आणि तळायची वेळही. कंपायलर आणि बिल्ड साधनाच्या आवृत्तीचं असंच आहे. ग्रेडलने यावर छान तोड काढली आहे. रॅपर म्हणून चार फाइली रेपोत ठेवायच्या: ग्रेडलडब्ल्यू, त्याचीच विंडोजसाठीची .बॅट, वर उल्लेख आलेली छोटी .जार आणि ग्रेडल-रॅपर.प्रॉपर्टीज. शेवटच्या फाइलीत ग्रेडलची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. नवा माणूस ग्रेडल न बसवता ‘./ग्रेडलडब्ल्यू बिल्ड’ म्हणतो आणि ठरलेलीच आवृत्ती उतरून येते. ती .जार बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणारी, असूनही आत ठेवायची. हा दुसरा अपवाद.

विंडोजवर बनवलेला रॅपर लिनक्स सर्व्हरवर दोन ठिकाणी अडतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर चालवण्याची परवानगी गिटमध्ये नोंदवलेली नाही; ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमोड=+एक्स ग्रेडलडब्ल्यू’ करून कमिट द्यायचा. ‘बॅड इंटरप्रिटर’ आलं तर ओळींचा शेवट विंडोज पद्धतीचा झालाय; .गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत ‘ग्रेडलडब्ल्यू टेक्स्ट ईओएल=एलएफ’ ही ओळ घातली की कायमचं मिटतं.

मेकफाइलचं दुखणं याहून जुनं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ मध्ये मेक लिहिलं, तेव्हापासून आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. दिसायला दोन्ही सारखे. एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश येतो आणि नवशिका त्या ओळीतला अर्थ तपासत बसतो. अर्थ बरोबरच असतो.

“ग्राहकाला तर तयार फाइलच लागते!”

अगदी खरं. पण डबा देणं वेगळं आणि वहीच्या पानांत चकली ठेवणं वेगळं. ग्राहकाला द्यायच्या आवृत्तीपाशी गिटमध्ये टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा, समजा ‘व्ही१.४.०’. त्या टॅगवरून स्वच्छ बिल्ड करा आणि निघालेली फाइल रेपोबाहेर ठेवा: गिटहबच्या रिलीज विभागात, किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर तारखेच्या आणि टॅगच्या नावाच्या फोल्डरमध्ये. सोबत तिची एसएचए-२५६ तपासखूण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ग्राहक म्हणाला की बिघाड आहे, तर त्याच्या फाइलीची खूण जुळवून नेमका कुठला कोड त्याच्याकडे चालतोय ते मिनिटात कळतं.

मकरपुऱ्यातल्या फर्मवेअरवाल्यांसाठी हे जास्तच गरजेचं आहे. पॅनेल पंधरा वर्षं चालतं. तेवढ्यात कंपायलरचं लायसन्स संपतं, ते चालणारं विंडोज मिळेनासं होतं. तिथे ‘पुन्हा बिल्ड करू’ हे आश्वासन पोकळ असतं. ग्राहकाला दिलेली, पॅनेलमध्ये भरायची प्रत्येक .हेक्स फाइल जपायलाच हवी, दोन ठिकाणी, टॅगच्या नावाने. तिच्यासोबत कंपायलरचा इन्स्टॉलरही.

मोठ्या चित्रांसारख्या, रेपोतच हव्या असलेल्या जड फाइलींसाठी गिट एलएफएस आहे. ते रेपोत फक्त छोटी चिठ्ठी ठेवतं आणि मूळ फाइल वेगळ्या जागी.

मधल्या फाइली: ना धान्य, ना चकली

जुन्या सी प्रोजेक्टांत कॉन्फिगर नावाची हजारो ओळींची स्क्रिप्ट असते. ती माणूस लिहीत नाही, कॉन्फिगर.एसी या लहान फाइलीतून ऑटोकॉन्फ ती बनवतं. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसलं तरी बिल्ड व्हावं, म्हणून ती वाटप करायच्या पॅकेटमध्ये, म्हणजे टारबॉलमध्ये, घालायची प्रथा पडली.

ती गिटमध्येही घातली तर एक विचित्र बिघाड होतो. काय पुन्हा बनवायचं हे मेक फाइलीच्या वेळेवरून ठरवतं: मूळ फाइल नवी आणि बनलेली जुनी दिसली की पुन्हा बनवा. गिट मात्र फाइलींची मूळ वेळ जपत नाही. क्लोन केल्यावर प्रत्येक फाइलीवर ती डिस्कवर उतरल्याचा क्षण पडतो. त्या काही क्षणांच्या मागेपुढे होण्यात कधी कॉन्फिगर.एसी नंतर उतरते, आणि मेकला वाटतं की कॉन्फिगर शिळी झाली. ते ऑटोकॉन्फ शोधायला जातं, तुमच्याकडे ते नसतं, बिल्ड पडतं. पुन्हा क्लोन केलं तर कदाचित चालूनही जातं. म्हणूनच ‘कधी चालतं, कधी नाही’ हे ऐकलं की आधी रेपोत बनवलेल्या फाइली आहेत का ते पाहावं.

तरी कधी कधी बनवलेला कोड आत ठेवावा लागतो. बनवणारं साधन प्रत्येकाकडे बसवणं शक्य नसतं. तेव्हा बिल्ड सर्व्हरला दोन पावलं सांगून ठेवा: तो कोड पुन्हा बनव, मग ‘गिट डिफ --एक्झिट-कोड’ चालव. काहीही फरक निघाला तर ही आज्ञा अपयश कळवते आणि शिळा माल तिथेच पकडला जातो.

एक्सझेडमध्ये नेमकं काय झालं

आता सुरुवातीच्या बातमीकडे. टारबॉलमध्ये रेपोत नसलेल्या फाइली असतातच, हे सगळ्यांनी स्वीकारलेलं होतं. त्या प्रथेचाच फायदा घेतला गेला. टारबॉलमधल्या बिल्ड-टू-होस्ट.एम४ या बिल्डच्या फाइलीत दुष्ट ओळी होत्या. रेपोत त्या नव्हत्या. रेपो वाचणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं.

पण चोरदरवाज्याचा मुख्य ऐवज रेपोतच होता, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या आवळलेल्या फाइलींच्या पोटात. ‘मुद्दाम बिघडवलेली फाइल, सॉफ्टवेअर तिला नीट हाताळतं का हे बघायला’ अशा नावाखाली. बिल्ड सुरू झालं की एम४ फाइलीतल्या ओळी त्या फाइली उलगडून ऐवज बाहेर काढत आणि लायब्ररीत मिसळत. धान्य वाचलं तर ठीक, वही वाचली तर ठीक. भेसळ होती बंद पुडीत, आणि पुडी फोडायची सूचना फक्त दुकानातून आलेल्या वहीच्या प्रतीत.

हे करणारं खातं ‘जिया तान’ या नावाने दोनेक वर्षं इमाने काम करून विश्वास मिळवून बसलं होतं. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलं. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्यांत जाण्याआधी पकडलं गेलं.

यातून छोट्या प्रोजेक्टवाल्यालाही दोन गोष्टी घेता येतात. वाटायचं पॅकेट हाताने झिप करू नका. ‘गिट आर्काइव्ह’ला टॅगचं नाव द्या, ते त्या टॅगमध्ये नोंदलेल्या फाइलींचंच पॅकेट बनवतं. आणि कुणी बायनरी फाइल कमिट केली तर ती कशी बनवली याची स्क्रिप्ट सोबत मागा.

याच विचारातून डेबियनसारख्या प्रकल्पांत ‘पुन्हा तसंच बिल्ड’ करण्याची चळवळ चालते. एकाच कोडवरून दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड केलं तर फाइल बिट-न्-बिट सारखी यावी, म्हणजे आपल्याला मिळालेला डबा याच वहीचा आहे हे कुणालाही पडताळता येईल. सर्वांत जास्त आड येते ती बिल्डची वेळ, कारण बरीच साधनं ती फाइलीत लिहून टाकतात. सोर्स_डेट_इपॉक या नावाने ठरावीक वेळ दिली की अनेक साधनं तीच वापरतात.

रिकाम्या फोल्डरची परीक्षा

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक रिलीजआधी हे करा. प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या मशीनवर, नाहीतर निदान वेगळ्या फोल्डरमध्ये, रेपो नव्याने क्लोन करा. रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत, लिहिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा चालवा, तोंडी माहितीची भर न घालता. बिल्ड झाल्यावर ‘गिट स्टेटस’ बघा. तिथे नवी, न नोंदलेली फाइल दिसली तर .गिटइग्नोरमध्ये ओळ कमी आहे. आधीपासून नोंदलेली फाइल बदललेली दिसली तर तयार माल आत बसलाय. आणि बिल्डच झालं नाही तर एखादी कृती-फाइल तुमच्या एकट्याच्या मशीनवर राहिली आहे.

चालू फोल्डरमध्येच परीक्षा घ्यायची असेल तर ‘गिट क्लीन -एनडीएक्स’ चालवा. न नोंदलेलं काय काय पुसलं जाईल याची ती नुसती यादी देते. यादीत .ईएनव्ही किंवा सहीची किल्ली दिसते का ते नीट वाचा, त्यांची प्रत बाजूला काढा, आणि मगच ‘एन’च्या जागी ‘एफ’ घालून खरोखर पुसा. पुसलेलं गिट परत देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे ते कधी नव्हतंच.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा तरी लिनक्सवर घ्यावी. विंडोजला ‘कॉन्फिग’ हे नाव रोमनमध्ये मोठ्या अक्षराने लिहिलं काय आणि लहान अक्षराने काय, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. फाइलीचं नाव एका प्रकारे आणि कृती-फाइलीत दुसऱ्या प्रकारे लिहिलं असेल तर बडोद्यातल्या ऑफिसात वर्षभर बिल्ड होत राहतं आणि सर्व्हरवर पहिल्याच दिवशी ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर येतं. तेव्हा ‘गिट एमव्ही’ने नाव दुरुस्त करून कमिट द्यायचा; एक्सप्लोररमध्ये नुसतं नाव बदललं तर विंडोजवर गिटला तो बदल बहुतेक वेळा कळतच नाही.